मदत हवी आहे : परदेशातील मदतकार्यात पाणीपुरवठा अभियंता म्हणून सुरुवात कशी करावी?

मी स्थापत्य अभियंता असून मराठवाड्यातील टंचाईग्रस्त गावांत विहीर अधिग्रहणापासून टँकरच्या पाण्याला ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का हे दाखवणाऱ्या) पिवळा रंग येईपर्यंतची सगळी कामे कंत्राटी पदावर सांभाळतो. निर्वासितांच्या छावण्यांत, जिथे माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी हे ‘स्फिअर’चे (मदतकार्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय किमान निकषांचे) मानक गाठणेही कठीण असते, तिथे काम करण्याची मनापासून इच्छा आहे. काही आंतरराष्ट्रीय संस्थांकडे अर्ज केले, परंतु मुलाखतीपर्यंत मजल गेली नाही. पासपोर्ट तयार आहे आणि वर्षभर बाहेर राहता येईल. परदेशी पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च मात्र झेपणारा नाही. चाड, काँगो येथे फ्रेंच लागते, माझी पातळी ए-2 (प्राथमिक) आहे. प्रत्यक्ष अशा कामावर गेलेल्यांनी कृपया सांगावे : आधी फ्रेंच बी-2 (उच्च-मध्यम) पातळीपर्यंत न्यावी, की भारतातील एखाद्या संस्थेत आपत्ती निवारणाचा अनुभव घ्यावा, आणि टंचाईतील कंत्राटी अनुभव निवडीत ग्राह्य धरतात का?