मदत हवी आहे: सॅम्पल लायब्ररी लावायला आणि कन्व्हर्ट करायला सॉफ्टवेअर

माझ्याकडे साधारण 300 जीबी ऑडिओ सॅम्पल्स (वाद्यांच्या आवाजाचे छोटे तुकडे) आहेत. वेव्ह, एआयएफएफ, फ्लॅक अशा फाइल फॉरमॅटची सगळी सरमिसळ, बरीचशी 24 बिट 96 किलोहर्ट्झ. हार्डवेअर सॅम्पलरसाठी (ही सॅम्पल्स वाजवणारं यंत्र) मला 16 बिट 44.1 किलोहर्ट्झ वेव्ह हवेत, फोल्डरची रचना आहे तशीच ठेवून. मूळ फायलींना हात लागायला नको.

एफएफएमपेग या कन्व्हर्ट करणाऱ्या टूलची, सगळ्या फायलींवर एकदम चालणारी बॅच स्क्रिप्ट चालवून पाहिली. डिदरसकट (बिट कमी करताना मिसळायचा हलका नॉइज) आवाज छान उतरतो, पण वेव्हच्या हेडरमधले लूप पॉइंट (आवाज कुठून कुठपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवायचा त्या खुणा) आणि रूट नोट (सॅम्पलचा मूळ स्वर) नव्या फायलीत येत नाहीत. पॅड (लांबणारे सिंथ आवाज) आणि स्ट्रिंग्जचे लूप पुन्हा हाताने लावणं अशक्य आहे, माझी खरी अडचण हीच.

डुप्लिकेटचंही तसंच. हॅश (फाइलच्या बाइट्सवरून काढलेला ओळख-आकडा) जुळवणारी टूल्स एकच किक (बेस ड्रमचा ठोका) वेव्ह आणि एआयएफएफमध्ये असली तर ओळखत नाहीत, कारण दोन्हींत बाइट्सचा क्रम उलटा असतो.

विंडोज 10 वापरतो, इंटरनेटशिवाय चालणारं हवं. एकरकमी पैसे द्यायची तयारी आहे, मासिक वर्गणी नको. टॅगिंग आणि कन्व्हर्जन वेगवेगळ्या टूल्सनी झालं तरी चालेल.

लूप पॉइंट शाबूत ठेवून बॅच कन्व्हर्ट करणारं आणि फाइलऐवजी आवाज ऐकून डुप्लिकेट शोधणारं काय वापरता तुम्ही?