एलिझाबेथ राणीच्या दालनातली सरदारकन्या दिवसभर नेमकं काय करायची?

खानापूर_रंगमंच
नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या (१५५८ ते १६०३) महालातल्या एका सरदारकन्येवर एकांकिका बसवतोय. खर्ड्यात ती राणीला वारा घालते, पाय चेपते, पाण्याचा तांब्या आणून देते. वाचताना हे पटत नाही. तिचं रोजचं काम काय होतं, तिला मिळायचं काय आणि ती अडचणीत यायची ती कशापायी? प्रयोग जुलैत बेळगावात आहे. गळ्याभोवतीची ती ताठ चुण्यांची झालर आपल्या पावसात उभी राहील का, तेही सांगा. कलाकार सहाच आहेत.

टिळकवाडी_वाचक
ताई, पाय चेपणं आधी काढून टाका. झाडलोट आणि वरकामाला ‘चेंबरर’ म्हणून खालच्या पायरीच्या बायका होत्या, धोबीण वेगळी. वरच्या पायरीला लेडीज ऑफ द बेडचेंबर, म्हणजे शयनगृहातल्या, मग प्रिव्ही चेंबरच्या, म्हणजे खासगी दालनातल्या, जंटलवुमन. सगळ्यांत धाकट्या त्या मेड्स ऑफ ऑनर, म्हणजे थोरामोठ्यांच्या बिनलग्नाच्या मुली. त्या साधारण सहा असत आणि त्यांच्यावर नजर ठेवायला ‘मदर ऑफ द मेड्स’ ही प्रौढ बाई. तुमचं पात्र यातलं कोण ते आधी ठरवा, कारण बसण्या-बोलण्याची सगळी रीत त्यावर ठरते. राणीसमोर खासगी दालनात या बायका जमिनीवर गाद्या-उशा टाकून बसत. रात्री एकजण राणीच्याच खोलीत झोपे.

खरी गोम अशी की राजा पुरुष असला की त्याच्या आतल्या दालनात पुरुष सरदार असत, आणि राजकारणाची निम्मी सूत्रं तिथून हलत. एलिझाबेथ गादीवर आली आणि ती जागा बायकांकडे गेली. अर्ज घेऊन आलेला माणूस यांच्यातल्या कुणाला तरी गाठायचा, नजराणा द्यायचा. राणीचा आजचा मूड कसा आहे, कागद आत्ता पुढं करावा का चार दिवस थांबावं, हे त्यांनाच ठाऊक. प्रिव्ही चेंबरच्या पगारी जागांना वर्षाला ३३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स मिळत. शिवाय जेवणखाण, मेणबत्त्या, जळण. दरबारी कपड्यांचा खर्च बघता त्या पगारात भागणं शक्यच नव्हतं. काहीजणी तर बिनपगारी होत्या. कमाई होती ती राणीच्या जवळिकीची: भावाला पद, नवऱ्याला जमीन, राणीच्या अंगावरचा उतरवलेला झगा.

त्या जवळिकीची किंमतही मोठी. ऑक्टोबर १५६२ मध्ये राणीला हॅम्प्टन कोर्टच्या वाड्यात देवी आल्या. तिच्या सेवेतल्या मेरी सिडनीनं शुश्रूषा केली. राणी वाचली, पण मेरीला देवी लागून चेहरा कायमचा विद्रूप झाला. दुसरीकडं ब्लांश पॅरी बघा. पन्नासाहून अधिक वर्षं चाकरी, राणीचे दागिने तिच्या ताब्यात, लग्न केलंच नाही, आणि १५९० मध्ये गेली तोवर डोळेही गेले होते. माझं मत विचाराल तर एकांकिकेला पॅरीसारखं पात्र जास्त चांगलं.

निपाणीकर
अडचण कशापायी यायची, तर बहुतेक वेळा लग्नापायी. राणीच्या परवानगीशिवाय लग्न म्हणजे थेट तुरुंगही. राणीच्या सेवेतल्या बेस थ्रॉकमॉर्टननं राणीचा लाडका दरबारी वॉल्टर रॅली याच्याशी गुपचूप लग्न केलं. १५९२ मध्ये दोघंही लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे किल्ल्यातल्या कैदेत. रॅली पुढं दरबारात परत आला, बेसला मात्र पुन्हा जागा मिळाली नाही.

नाटकाला सगळ्यात दमदार घटना कॅथरीन ग्रेची आहे बघा. तिच्या अंगात राजरक्त, म्हणजे तिला मुलगा झाला तर गादीवर हक्क सांगणार. डिसेंबर १५६०. राणी एल्थमच्या वाड्याकडं शिकारीला निघाली. दात दुखतोय म्हणून कॅथरीन मागं राहिली. मग ती आणि जेन सीमोर, दोघीही राणीच्याच सेवेतल्या, महालातून नदीकाठानं चालत जेनच्या भावाच्या घरी गेल्या. तिथं त्या भावाशी, एडवर्डशी, कॅथरीनचं लग्न लागलं. साक्षीदार एकटी जेन. पुढच्या वर्षी जेन वारली, भटजी सापडेना, आणि कॅथरीनला दिवस गेलेले. लग्न झाल्याचं सिद्धच करता येईना. १५६२ मध्ये ते बेकायदा ठरलं, मुलगा अनौरस ठरला. ती १५६८ मध्ये कैदेतच वारली. यात खलनायक घालायची गरजच नाही वो. एक साक्षीदार कमी पडला, तेवढ्यानं सगळं गेलं.

शहापूर_वेशभूषा
पोशाखाचं सांगते. राणीला कपडे चढवणं हे तासाच्या वर चालणारं काम, आणि तुमच्या पहिल्या प्रवेशाला तेच घ्या. क्रम असा: आत लिननची लांब शेमीज, पायमोजे, मग घट्ट चोळीसारखी बॉडीज, कड्यांचा फार्दिंगेल, म्हणजे घेर फुगवणारा आतला परकर, त्यावर परकर आणि कर्टल, म्हणजे झग्याखालचा पोशाख, त्यावर झगा. बाह्या झग्याला शिवलेल्या नसत. नाडीनं बांधत नाहीतर टाचण्यांनी लावत. झालर अगदी शेवटी. टाचण्या ढिगानं लागत, म्हणून एका मुलीच्या हातात फक्त टाचण्यांची उशी द्या, ती काही न बोलता एकेक पुढं करत राहील. राणीच्या अंगावरून पडलेल्या सोन्याच्या गुंड्या, नाडीची सोन्याची टोकं यांची तारीखवार नोंदवही ठेवली जाई. एक गुंडी कमी भरली तर दालनात काय होत असेल, लिहून बघा.

आता झालर. कांजी हवेतली ओल ओढते आणि चुण्या बसतात. हे इंग्लंडातही व्हायचं, म्हणून खाली तारेचा आधार देत. जुलैत आपल्याकडं कांजीच्या भानगडीत पडू नका. नायलॉनचं कडक ऑर्गंडी घ्या. १० सेंटिमीटर रुंद आणि ६ मीटर लांब पट्टी, जोड आले तरी चालतात. बाहेरच्या काठात बारीक तंगूस घालून दुमड शिवा, त्यानं काठ फिरतीवर उभा राहतो. आतल्या काठाला दर ३ सेंटिमीटरवर खुणा करून तीन समांतर धावदोरे घाला. टाके बरोबर एकाखाली एक हवेत, वरखाली झाले की चुण्या तिरक्या पडतात. दोरे ओढून सगळं ३८ सेंटिमीटरच्या गळपट्टीवर बसवा आणि मागं हूक लावा. शेवटी बाहेरच्या काठाला शेजारच्या चुण्या आलटून-पालटून वर-खाली टाका घालून जोडा, म्हणजे आठाचे आकडे दिसतात. ही पायरी गाळली की झालर फुलाच्या हारासारखी लोंबते.

फार्दिंगेलला वेताच्या चार कड्या, खालची अडीच मीटर घेराची. विंगेची वाट आधी मोजा. तालमी पहिल्या दिवसापासून कड्या घालून करा, नाहीतर गादीवर बसताना पुढचा घेर तोंडावर येतो.

खानापूर_रंगमंच
फार उपयोग झाला. कॅथरीनचंच घेतो. राणी रंगमंचावर आणावी का? सहात भागत नाही.

टिळकवाडी_वाचक
नका आणू. १५९८ मध्ये एका जर्मन प्रवाशानं ग्रिनिचच्या वाड्यात जेवणाची तयारी बघून लिहून ठेवलीय. तीत राणी नाहीच. पांढऱ्या रेशमातली एक कुमारी आणि हातात चाखायची सुरी घेतलेली एक विवाहिता येतात. कुमारी रिकाम्या मेजासमोर तीनदा लवून नमस्कार करते, पाव आणि मीठ घेऊन ताटं पुसते. पहारेकरी २४ पदार्थ आणतात आणि ज्यानं जे आणलं त्याला त्यातलाच घास खायला लागतो, विषाच्या भीतीनं. त्या वेळी दालनात कर्णे आणि नगारे वाजत असतात. मग मुली ताटं उचलून आत नेतात. दोन मुली, त्यातली एक कॅथरीन, एक पहारेकरी, नगारा विंगेतून. तिघं उरतात, त्यात जेन आणि एडवर्ड बसले, आणि भटजीचं काम पहारेकऱ्यालाच द्या. तिसरीला मदर ऑफ द मेड्स करा. दातदुखीचं निमित्त कॅथरीनला तिच्याच गळी उतरवायचं आहे.