बॅडमिंटन पुण्याचं की इंग्लंडचं?

माटुंगेकरीण
लेकीला दादरला बॅडमिंटनच्या बॅचला सोडते. काल तिथे बाकावर बसलेले एक बाबा तिला म्हणाले, "हा साहेबाचा खेळ, आपला नव्हे." मला ते अजिबात पटलं नाही. बॅडमिंटनचं जुनं नावच 'पूना' होतं! 1870च्या दशकात पुण्याच्या छावणीत जाळी बांधून हा खेळ रंगायचा, सुरुवातीचे नियमही तिथेच बसले. रजेवर जाणाऱ्या अधिकाऱ्यांबरोबर तो विलायतेला गेला आणि एका ड्यूकच्या वाड्याचं, बॅडमिंटन हाऊसचं, नाव त्याला चिकटलं. इंग्लंडमध्ये संघटना झाली ती 1893 साली. जन्म इथे, बारसं तिकडे. शाळेत हे का शिकवत नाहीत?

शटलवेडा
ताई, पुण्यात खेळायचे हे खरं, पण खेळायचं कोण? गोरे अधिकारी आणि त्यांच्या मडमा. बॅटने शटलचं फूल हवेत झेलत ठेवायचा खेळ इंग्लंडात त्याच्या कितीतरी आधीपासून होता. जमीन आपली म्हणून खेळ आपला होत नाही. तसं असेल तर स्नूकर जबलपूरचा म्हणा. 1875 साली नेव्हिल चेंबरलेन या लष्करी अधिकाऱ्याने तिथे बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवून तो काढला. त्याला आपल्या मातीतला खेळ म्हणाल?

याउलट पोलो. मणिपूरचे लोक सगोल कांगजेई खेळत होते, इंग्रजांनी तो त्यांच्याकडून उचलला आणि 1859 साली आसामातल्या सिल्चरला क्लब काढला. हक्क सांगायचा तर असा सांगावा.

माटुंगेकरीण
मग नियम कुठे ठरले याला काहीच किंमत नाही? चीनमध्ये चेंडू लाथेने खेळायचा त्सूच्यू दोन हजार वर्षांपूर्वी होता. तरी फुटबॉल इंग्लंडचा म्हणतात, कारण 1863 साली लंडनमध्ये नियम ठरले.

शटलवेडा
मग खो-खोचा जन्म 1914चा धरायचा का? तेव्हा पुण्यात डेक्कन जिमखान्याने नियम बांधले. त्याआधी गावोगाव उकिडवं बसून खो देणारी पोरं काय खेळत होती?

परळ_नाका
तुम्ही दोघं जन्मदाखला शोधताय. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. मुंबईत क्रिकेट साहेबाने आणलं, मान्य. पण 1848 साली पारशी पोरांनी ओरिएंटल क्लब काढला. पुढे युरोपियनांचे पोलोचे घोडे त्यांचं मैदान उखडू लागले तेव्हा त्यांनी सरकारकडे अर्ज केले, भांडले.

आणि दलित समाजातला गोलंदाज बाळू पालवणकर! पुण्यात खेळताना चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, बाहेर बसून प्यायचा. त्याच माणसाने 1911च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी दिलं नाही, ते 1923 साली त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. इतकं सोसून ज्यांनी खेळ मिळवला, त्यांना 'तुमचा नाही' कोण म्हणणार? ताई, त्या बाबांना पालवणकरांबद्दल सांगा. 'पूना'ची गरज पडणार नाही.

जुना_लालबागकर
पालवणकरांपुढे मान झुकवतो. पण 'मिळवला त्याचा' एवढ्यावर सोडलंत तर मूळ कुणी विचारणारच नाही, आणि त्याचं मला दुःख आहे.

आम्ही चाळीतली पोरं 'हुतूतू' म्हणत दम घुमवायचो. गिरणीची पाळी सुटली की मोठी माणसं अंगातला सदरा काढून मातीत उतरायची, गुडघे सोललेले असायचे. तमिळनाडूत यालाच चेडुगुडु, बंगालात हाडुडु. देशभर एकच नियम चालू झाले आणि 'कबड्डी' हे नाव पक्कं झालं. त्याने खेळ 1990 साली आशियाई स्पर्धेत पोचला, याचा मला आनंदच आहे. पण माझा नातू मॅटवर खेळतो, समोरच्यांच्या अंगणातली 'निदान रेषा' ओलांडून उत्तम चढाई करतो आणि हुतूतू हा शब्द त्याला माहीत नाही! मूळ सांगणं म्हणजे मालकी सांगणं नव्हे हो. ताई, तुम्ही लेकीला 'पूना' जरूर सांगा.

शटलवेडा
काका, हुतूतूच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूचा. तो खेळणारे आपले होते. 'पूना' सांगतानाही ते नाव कुणाच्या तोंडचं होतं, जाळीच्या दोन्ही बाजूंना कोण उभं होतं, तेवढं मुलीला सांगा. माझा आग्रह तेवढाच आहे आणि तो मी सोडणार नाही.