प्रतिसाद: लिहिलेला सोलो 'चुकलाय' असं का वाटतं

'ऑल द थिंग्ज यू आर' या जॅझ रचनेच्या मैफलीतल्या सोलोचं (एकट्या वादकाने उत्स्फूर्त वाजवलेल्या भागाचं) ऐकून लिहिलेलं नोटेशन चार बार पुढे सरकलंय, असं वर दोघांनी लिहिलंय. आधी बार (ठरावीक मात्रांचे गट) मोजा. ही रचना नेहमीच्या 32 बारची नाही, 36 ची आहे : 8, 8, 8 आणि शेवटी 12. 32 धरून मोजलं की दुसऱ्या आवर्तनाची (पूर्ण रचनेच्या दुसऱ्या फेरीची) सम चार बार आधीच आल्यासारखी वाटते, आणि पुढचे सगळे स्वर चुकीच्या कॉर्डवर (साथीच्या स्वरसमूहावर) पडलेले दिसतात.

ड्रमरशी चार-चार बारची देवाणघेवाण, म्हणजे आळीपाळीने वाजवणं, सुरू झाली की गोंधळ आणखी वाढतो. 36 म्हणजे चाराचे 9 भाग, विषम. पहिलं आवर्तन सॅक्सोफोनने उघडलं तर दुसरं ड्रमर उघडतो! तिथे कान बास या वाद्यावर ठेवा; तोही थांबला असेल तर मनात मूळ चाल गुणगुणत राहा.

मूळ चालीत 24व्या बारमधला जी-शार्प 25व्यात ए-फ्लॅट लिहिलाय, तीही चूक नाही. नावं दोन, पण स्वर तोच; खालची कॉर्ड बदलून एफ-मायनर होते. मला या रचनेतली सर्वांत सुंदर जागा हीच वाटते.

'वाजवून पाहिलं तर स्विंग (जॅझची झुलती लय) येत नाही' ही तक्रार मात्र खरी आहे. कागदावर आठव्या मात्रा (एका ठोक्यात दोन येणारे स्वर) सारख्याच दिसतात. संथ लयीत जोडीतली पहिली बरीच लांब असते, द्रुत लयीत दोन्ही जवळजवळ समान होतात. रेकॉर्डिंग 50 टक्के वेगाने, पट्टी न बदलता ऐका, दोन-दोन बार गा आणि मगच वाद्य उचला.