यॉन्कर्सचे घोडे म्हणे कॅसिनोने जगवले!

हुडसनकाठचा (धागाकर्ता)

"वीकेंडला कुठे जाता" या धाग्यावर परवा एकांनी ठोकून दिलं, "न्यूयॉर्क शहराला लागून यॉन्कर्सला एम्पायर सिटी कॅसिनो आहे, पार्किंगचा त्रास नाही, मागच्या अंगाला एक मेल्यात जमा घोड्यांचा ट्रॅक आहे, कॅसिनोच्या जिवावर जगतोय, इतिहास बितिहास काही नाही." वर लोकांचे अंगठे. तिथेच उत्तर देणार होतो पण तिथे भाकरवडी कुठे चांगली मिळते ते चाललं होतं, म्हणून वेगळा धागा.

अहो तो ट्रॅक १८९९ चा आहे. कॅसिनोची मशिनं आली २००६ च्या ऑक्टोबरात. विल्यम क्लार्क नावाच्या वकिलाने बांधला, बिचारा पुढच्याच वर्षी वारला, मग काही वर्षं तिथे घोड्यांपेक्षा मोटारींचीच चर्चा जास्त, मोटारशर्यतवाल्या बार्नी ओल्डफिल्डने १९०३ मध्ये तिथे एक मैल ५६ सेकंदांच्या आत मारला. १९०७ पासून जेम्स बटलर, किराणा दुकानांची साखळी असलेला आयरिश माणूस. शर्यतींवर हुकूम चालवणाऱ्या जॉकी क्लबातल्या बड्या धेंडांनी शर्यतींच्या तारखा द्यायला खळखळ केली तर त्यांच्याशी भांडून तारखा घेतल्या त्याने. सीबिस्किट, पुढे गाजलेला घोडा, १९३६ मध्ये तिथे स्कार्सडेल हँडिकॅप ही शर्यत जिंकला, तेव्हा त्याला जग ओळखतही नव्हतं. १९५० ला नाव यॉन्कर्स रेसवे झालं आणि हार्नेस सुरू झालं, म्हणजे घोड्यामागे हलकी गाडी जोडून शर्यत. १९७२ ला रूनी कुटुंबाने घेतला, तेच पिट्सबर्ग स्टीलर्स या फुटबॉल टीमवाले.

आणि कॅसिनो आला कसा ते पण ऐका. न्यूयॉर्कच्या राज्यघटनेत तेव्हा असल्या कॅसिनोला जागाच नव्हती. २००१ च्या हल्ल्यानंतर तिजोरीत खडखडाट, तेव्हा त्याच ऑक्टोबरात कायदा केला की घोड्यांच्या ट्रॅकवर "व्हिडिओ लॉटरी" मशिनं चालतील. लॉटरी शिक्षणासाठी चालते ना, मग हीसुद्धा लॉटरीच! म्हणजे घोडे होते म्हणून मशिनं आली. पाहुण्याने घरात शिरून मालकालाच "मी तुला पोसतो" म्हणायचं, त्यातला प्रकार आहे हा.

हिशेबनीस

इतिहास छान आहे हो, पण निष्कर्ष उलटा काढलाय. घोडे होते म्हणून मशिनं आली हे मान्य, पण मशिनं का आणावी लागली? कारण स्टँड ओस पडले होते. १९७१ ला न्यूयॉर्क शहराने गल्लीबोळात ओटीबीची, म्हणजे ट्रॅकवर न जाता बेट लावायची दुकानं काढली, कोपऱ्यावर बेट लावता येते तर थंडीत यॉन्कर्सपर्यंत कोण जाईल? त्यात १९७६ ला नदीपलीकडे न्यू जर्सीत मेडोलँड्स उघडलं, एक मैलाचा ट्रॅक, चांगले घोडे नि ड्रायव्हर तिकडे गेले. यॉन्कर्सचा अर्ध्या मैलाचा.

मग मशिनं लावली आणि त्यातला वाटा कायद्यानेच शर्यतींच्या बक्षिसांना आणि घोड्यांची पैदास करणाऱ्या ब्रीडर लोकांना. म्हणजे रात्री अकरा वाजता मशिनसमोर बसलेल्या बस ड्रायव्हरच्या खिशातून निघून घोडा बाळगू शकणाऱ्याच्या खिशात. याला इतिहास जपणं म्हणायचं? सबसिडी म्हणा आणि मोकळे व्हा.

हुडसनकाठचा

ओटीबी कोणी काढली? सरकारने. गिऱ्हाईक कोणी पळवलं? सरकारने. मग नुकसानभरपाई दिली तर ती सबसिडी? आणि ज्या ओटीबीने ट्रॅक मारले ती स्वतः २०१० च्या डिसेंबरात बंद पडली. बुकीच्या धंद्यात तोट्यात जाणारं सरकार, धन्य आहे.

सबसिडी न देता काय होतं ते पण बघून घ्या, लाँग आयलंडवर रूझवेल्ट रेसवे होता. १९४० ला सुरू. मोटारीला पंख लावलेलं ते चालतं स्टार्टिंग गेट १९४६ ला तिथेच आलं, त्याआधी घोडे एका रेषेत येईपर्यंत परत परत फिरवायचे आणि लोक जांभया द्यायचे. १९६० मध्ये तिथे एका रात्री पन्नास हजारांवर माणूस जमला होता. १९८८ ला बंद. आता तिथे दुकानं नि मल्टिप्लेक्स. ते पाहिजे का यॉन्कर्सला?

हिशेबनीस

हो. मल्टिप्लेक्समध्ये निदान लोक तरी जातात.

निशाचर

धागाकर्त्याने १९५० वरून थेट १९७२ वर उडी मारली, मधलं गाळलं ते मुद्दामच असणार. १९५३ च्या ऑगस्टमध्ये थॉमस लुईस नावाच्या युनियन नेत्याचा गोळ्या घालून खून झाला, त्याचे धागे यॉन्कर्स रेसवेपर्यंत गेले. गव्हर्नर ड्यूईंना चौकशी लावावी लागली. ट्रॅकचे शेअर्स राजकारण्यांकडे कसे गेले, युनियनच्या नावाखाली कोण खात होतं, सगळं बाहेर आलं. स्टेट सिनेटचे नेते आर्थर विक्स सिंग सिंग तुरुंगात एका खंडणीखोर युनियनवाल्याला भेटायला जात होते हे निघालं आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. सीबिस्किटच्या गोष्टी सांगताना हे पण सांगावं की. कॅसिनो आल्यावर जुगार घाणेरडा झाला असं वाटत असेल तर गैरसमज आहे, उलट आता निदान प्रत्येक मशीन राज्याच्या कॉम्प्युटरला जोडलेलं तरी आहे.

हुडसनकाठचा

मुद्दाम गाळलं नाही, धागा आहे, पीएचडी नाही. आणि १९५३ ची घाण घोड्यांनी केली नव्हती.

मिरजेचा_टांगा

तुम्ही सगळे पैशावर भांडताय, शर्यत बघितलीय का कुणी? ट्रॉटर दुडक्या चालीने जातो आणि पेसर एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो, चौखूर सुटला की ड्रायव्हरने त्याला आवरून बाजूला घ्यायचा. एवढा वेग आणि तरी चाल मोडायची नाही, हे शिकवायला किती वर्षं जातात ते आमच्याकडच्या टांग्याच्या शर्यतीवाल्याला विचारा. आपल्याकडे बैलगाडा बंद पाडून ठेवला होता, २०२३ च्या मे मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा ग्राह्य धरला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला, आणि तिकडे सरकार शर्यतीला पैसे देतंय. शिका काहीतरी.

निशाचर

काय शिकायचं? औषधं टोचायची? २०२० च्या मार्चमध्ये मॅनहॅटनच्या फेडरल वकिलांनी एका दमात २७ जणांवर खटले भरले, ट्रेनर, व्हेटर्नरी डॉक्टर, औषधं बनवणारे. त्यात हार्नेसवाले पण होते. बक्षिसं मोठी झाली की सुई पण मोठी होते. ते पैसे कुठून आले ते वर हिशेबनीस यांनी लिहिलंच आहे.

एडिसनची_वहिनी

तुमचं घोडे-बिडे चालू द्या पण कॅसिनोच्या बसवर कोणी बोलणार आहे का? माझे सासरे सहा महिन्यांसाठी आले होते. आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत, त्यांना करमेना. शेजारच्या एका गुजराती काकांनी त्यांना बस दाखवली, सकाळी चढायचं, तिथे पोचलं की हातात कूपन, जेवण स्वस्तात, संध्याकाळी परत. आम्हाला वाटलं चला, ओळखी होतायत. महिनाभराने नवऱ्याने कार्डाचं स्टेटमेंट बघितलं आणि खालीच बसला. ज्या माणसाने आयुष्यात मटक्याचा आकडा लावला नाही, रिक्षावाल्याशी पाच रुपयांसाठी भांडायचा तो माणूस! कॅसिनोचं नाव लिहीत नाही, कुठलंही असो, सगळ्यांच्या बसा तशाच. आणि त्या पैशातून म्हणे घोड्याला बक्षीस. आधी माझ्या सासऱ्यांना द्या म्हणावं.

स्पष्टवक्ता_नाशिक

राग मानू नका वहिनी, पण सासऱ्यांना दिवसभर घरात एकटं ठेवलं आणि दोष बसला? तुम्ही लोक आई-वडिलांना अमेरिका दाखवायला बोलावता आणि बेसमेंटमध्ये टीव्हीसमोर बसवता. ना गाडी येते, ना कुणी बोलायला. बस नसती आली तर ते वेडे झाले असते.

एडिसनची_वहिनी

बेसमेंट?? वरची मोठी बेडरूम दिली होती, आम्ही मुलांच्या खोलीत झोपत होतो. ओळख ना पाळख, नाशिकमध्ये बसून आमच्या घराचे नकाशे काढू नका. तुमचे वडील कुठे असतात दिवसभर ते सांगा आधी.

स्पष्टवक्ता_नाशिक

पारावर. चार माणसांत.

बफेचा_भक्त

दोघंही शांत व्हा. आमची आई गेल्या उन्हाळ्यात त्या बसने मजेत जायची, कूपन संपलं की खुर्चीवर बसून लोकांचे चेहरे बघायची नि येताना डझनभर किस्से आणायची. तिला एक पंजाबी आणि दोन चिनी मैत्रिणी मिळाल्या, भाषा शून्य. सगळ्यांचेच म्हातारे बिघडत नाहीत.

एडिसनची_वहिनी

तुमच्या आईकडे कार्ड नव्हतं, म्हणून किस्से आणायची. एवढाच फरक आहे.

बफेचा_भक्त

हे बाकी खरं. कार्ड आम्ही दिलंच नव्हतं.

हिशेबनीस

वहिनींचं दुःख खरं आहे आणि माझ्या मुद्द्याच्या बाजूचंच आहे, तरी एक सांगतो, न्यू जर्सीत राहून तुम्ही लोकांनी २०१६ ला अटलांटिक सिटीबाहेर कॅसिनो नको म्हणून दणदणीत मत दिलंत. म्हणून मेडोलँड्सला आजही मशिनं नाहीत, २०१८ पासून खेळांवर बेटिंग आहे तेवढंच. तरी हॅम्बलटोनियन ही हार्नेसची मोठी शर्यत १९८१ पासून तिथेच होते. म्हणजे मशिनांशिवाय ट्रॅक मरतो हे धागाकर्त्याचं म्हणणं तिथेच संपतं.

हुडसनकाठचा

मशिनांशिवाय ट्रॅक मरतो असं मी म्हटलंच नाही, उलटं म्हटलंय, वर जाऊन वाचा. आणि मेडोलँड्सला विचारा की, वर्षानुवर्षं रडतायत की आजूबाजूच्या राज्यांत मशिनांच्या पैशावर बक्षिसं फुगली आणि घोडे तिकडे गेले. तुम्ही स्वतःच वर लिहिलंत की ७६ नंतर घोडे न्यू जर्सीत गेले, आता वारं फिरलं तर ते मोजायचं नाही?

सासरे, बेसमेंट आणि पार यांच्यासाठी कृपया वेगळा धागा काढा. मी काढला तसा.

एडिसनची_वहिनी

नाही काढणार. ज्या पैशावर तुमचा ट्रॅक चालतो ते पैसे कुणाचे याची ही चर्चा आहे, तुम्हाला ती ऐकायची नाही एवढंच.

मिरजेचा_टांगा

वहिनी बरोबर बोलल्या. आता मला बडवा.

तरी धागाकर्त्यासाठी एक गोष्ट. १९५९ ला रूझवेल्टवर पहिली इंटरनॅशनल ट्रॉट होती, त्याला जामिन नावाचा फ्रेंच घोडा आला. हा पठ्ठ्या आर्टिचोक खायचा. कस्टमवाल्यांनी त्याचे आर्टिचोक जप्त केले! घोडा रुसला, पेपरात छापून आलं, मग कुठून कुठून आर्टिचोक मागवले आणि तो खाऊन जिंकला. आमचा एक बैल शर्यतीच्या आदल्या दिवशी आमच्या आज्जीच्याच हातचा उंडा खायचा, दुसऱ्या कुणी दिला तर तोंड फिरवायचा, त्यामुळे माझा विश्वास आहे. ती शर्यत रूझवेल्ट मेल्यावर यॉन्कर्सला आली, १९९५ नंतर बंद पडली आणि २०१५ ला दहा लाख डॉलरच्या बक्षिसाने परत सुरू केली. ते कुणाच्या पैशावर, हे मला विचारू नका, मला वहिनींची भीती वाटते.

निशाचर

आता गंमत सांगतो. रूनींना मशिनांमुळे काय मिळालं? एनएफएलने, म्हणजे फुटबॉलच्या लीगने सांगितलं, फुटबॉल टीम आणि जुगार एकत्र चालणार नाही, एक निवडा. घोड्यांच्या शर्यती लीगला चालत होत्या, मशिनं नाही. मग यॉन्कर्स सांभाळणाऱ्या भावांनी स्टीलर्समधला हिस्सा सोडला. बापाने काढलेल्या टीमवर पाणी सोडून माणूस ट्रॅक धरून बसतो, एवढं मात्र धागाकर्त्याच्या बाजूने. पुढे त्यांनीच एमजीएमला विकला, २०१९ च्या सुरुवातीला व्यवहार पुरा झाला, ८५ कोटी डॉलरचा. ते काय घोड्यांसाठी दिले?

हुडसनकाठचा

परवान्यासाठी दिले. तेच तर पहिल्यापासून बोंबलतोय. एमजीएमला घोडे नको होते, न्यूयॉर्कच्या दारात बसायची जागा पाहिजे होती आणि ती जागा घोड्यांनी धरून ठेवली होती.

हिशेबनीस

बरं, परवान्याचा मुद्दा तुमचा, घेऊन जा. पण पुढचं पण घ्या मग. २०१३ ला घटना बदलली, खऱ्या कॅसिनोंना वाट मोकळी झाली. न्यूयॉर्क शहर आणि आसपासच्या तीन लायसन्ससाठी मारामारी सुरू झाली तेव्हा सगळे म्हणायचे यॉन्कर्सचं तर ठरलेलंच आहे, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात एमजीएमने स्वतःच अर्ज मागे घेतला. पैसे गुंतवून परवडत नाही म्हणे. डिसेंबरात लायसन्सं गेली ॲक्वेडक्ट या घोड्यांच्या ट्रॅकवरच्या रिसॉर्ट्स वर्ल्डला, ब्राँक्सच्या बॅलीजला आणि मेट्स या बेसबॉल टीमच्या मैदानाशेजारच्या प्रकल्पाला. ब्राँक्स यॉन्कर्सला खेटून आहे. तिथे खरे पत्ते, खरे फासे आले की यॉन्कर्सच्या लॉटरी-मशिनांवर कोण बसणार? मशिनं आटली की बक्षिसं आटणार. तुमच्या घोड्यांनी उघडून दिलेलं दार आता दुसऱ्यांच्या घरात उघडतंय.

हुडसनकाठचा

मग तर घोड्यांना मशिनांच्या भरवशावर बांधणं हीच चूक झाली ना! सबसिडीच्या नावाने तुम्ही शिव्या घालता आणि मी पण घालतो, फक्त तुम्ही घोड्याला घालता आणि मी मशिनला.

हिशेबनीस

मी मालकाला घालतो. घोड्याला काय कळतंय.

बफेचा_भक्त

शर्यती कोणत्या वारी असतात तिथे? आईला पुढच्या महिन्यात परत आणतोय, या खेपेला बाहेर स्टँडवर बसवतो.

एडिसनची_वहिनी

बसवा. कार्ड मात्र स्वतःच्या खिशात ठेवा, ट्रॅकवर पण खिडकी असते बेटिंगची.