गुप्तचर प्रमुखाला थेट राजभवनात पाठवावे का? नरसिंहन यांच्या कारकिर्दीच्या निमित्ताने

मूळ मत

ई. एस. एल. नरसिंहन हे १९६८ च्या तुकडीचे, आंध्र प्रदेश केडरचे आयपीएस अधिकारी. डिसेंबर २००६ मध्ये ते इंटेलिजन्स ब्युरोच्या संचालकपदावरून निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात छत्तीसगडचे राज्यपाल झाले. डिसेंबर २००९ मध्ये, स्वतंत्र तेलंगणा राज्याचा प्रश्न पेटलेला असताना, त्यांच्याकडे आंध्र प्रदेशाचा कार्यभार आला आणि केंद्रात सत्तांतर होऊनही २०१९ पर्यंत ते हैदराबादच्या राजभवनातच राहिले. माझा आक्षेप त्यांच्या सचोटीवर नसून अशा नेमणुकीवर आहे. राज्यांतील हालचालींची खबर केंद्राला देणाऱ्या यंत्रणेचा प्रमुख महिन्याभरात राज्याचा घटनात्मक प्रमुख होतो, तेव्हा मुख्यमंत्र्यांनी त्याच्याशी मोकळेपणाने बोलावे तरी कसे?

छत्तीसगडचे उदाहरण मला अधिक गंभीर वाटते. पाचव्या अनुसूचीने अनुसूचित क्षेत्रांबाबत राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकलेली आहे. तेथील कारभाराचा अहवाल ते राष्ट्रपतींना देतात आणि एखादा कायदा त्या क्षेत्राला लागू होऊ नये असेही ठरवू शकतात. बस्तरमध्ये सलवा जुडूमचा, म्हणजे नक्षलवाद्यांविरुद्ध स्थानिकांनाच शस्त्रे देणाऱ्या सरकारी पाठिंब्याच्या मोहिमेचा, काळ सुरू असताना, म्हणजे आदिवासींची तक्रार बंदूकधाऱ्यांइतकीच सरकारी यंत्रणेविरुद्धही होती त्या काळात, हे पद पोलीस सेवेतील माणसाकडे होते. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ती व्यवस्था घटनाबाह्य ठरवली.

पहिला प्रतिसाद (असहमत)

सलवा जुडूम २००५ मध्ये सुरू झाले, नरसिंहन रायपूरला पोहोचण्याआधी; ते राज्य सरकारचे धोरण होते आणि त्याचा जाब निवडून आलेल्यांनाच विचारायला हवा. खरी कसोटी २०१४ मध्ये लागली. आंध्र प्रदेशाच्या विभाजनाच्या निषेधार्थ किरणकुमार रेड्डी यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला, १ मार्चला राष्ट्रपती राजवट लागू झाली आणि निवडणुका घेणे, कर्मचारी व मालमत्ता यांची वाटणी मार्गी लावणे, २ जूनपर्यंत नवे राज्य उभे करणे, ही सारी कामे राजभवनाच्या देखरेखीखाली आली. त्या वेळी सल्लागार म्हणून आपल्या महाराष्ट्राचे माजी पोलीस महासंचालक ए. एन. रॉय यांचीही नेमणूक झाली होती. दोन्ही बाजूंच्या भावना इतक्या तीव्र असताना एखादा पक्षकार्यकर्ता राज्यपाल असता, तर त्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवला असता? निवृत्त राजकारण्यांची सोय लावण्याची प्रथा आपण निमूटपणे चालवून घेतो, आणि शिस्तीत घडलेल्या अधिकाऱ्याकडे मात्र संशयाने पाहतो, हे मला अन्यायाचे वाटते.

दुसरा प्रतिसाद (हैदराबादहून)

मी येथे राहतो, म्हणून कलम ८ चा मुद्दा मांडतो. आंध्र प्रदेशाचे विभाजन करणाऱ्या पुनर्रचना कायद्याच्या या कलमाने, हैदराबाद दोन्ही राज्यांची सामायिक राजधानी असेपर्यंत, तेथील नागरिकांचे जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता यांच्या सुरक्षेची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवली होती. २०१५ मध्ये मतांसाठी पैसे दिल्याच्या प्रकरणात तेलंगणाच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने तेलुगु देसमचे आमदार रेवंत रेड्डी यांना अटक केली. याच पक्षाच्या आंध्र सरकारने, तेलंगणा सरकारने आपले फोन टॅप केल्याचा आरोप केला आणि कलम ८ अमलात आणावे अशी मागणी लावून धरली. पोलिसी वृत्तीचा माणूस अधिकार हाती घ्यायला उतावीळ असतो, हे खरे असते तर त्याहून चांगली संधी कोणती होती? नरसिंहन यांनी शहराचे पोलीस दल आपल्या हाती घेतले नाही. आंध्रमधील अनेकांना तो पक्षपात वाटला आणि पुढे तेलुगु देसमने त्यांच्यावर उघड टीकाही केली. पण निवडून आलेल्या सरकारचा अधिकार त्यांनी हिरावला नाही, हे मी त्यांच्या बाजूने मांडीन.

मूळ लेखकाचे उत्तर

२०१५ मधील संयम मला मान्य आहे आणि तो उल्लेखनीयच होता. तरीही माझा प्रश्न शिल्लक राहतो, कारण तो संयम त्या व्यक्तीचा होता. पुढचा अधिकारी तसाच वागेल याची हमी नेमणुकीच्या पद्धतीत कुठेही नाही. केंद्र-राज्य संबंधांचा विचार करणाऱ्या सरकारिया आयोगाने राज्यपालपदासाठी नजीकच्या काळात सक्रिय राजकारणात नसलेली व्यक्ती सुचवली होती. तोच न्याय गुप्तचर यंत्रणांच्या प्रमुखांना लावून निवृत्ती आणि राजभवन यांत किमान दोन वर्षांचे अंतर सक्तीचे करावे, एवढीच माझी मागणी आहे.