मदत हवी आहे: व्हीआर परिषदेत लोक एकमेकांशी बोलतील कसे?

नमस्कार मंडळी. नाशकात द्राक्षाच्या गोडी छाटणीवर (फळांसाठीची छाटणी) एक दिवसाची व्हीआर (आभासी वास्तव) परिषद ठरते आहे. माणसं ६०, २० हेडसेटवर, बाकी लॅपटॉपवर. मोझिलाने हब्ज ही आभासी खोल्यांची सेवा २०२४ मध्ये बंद केली, पण त्याचा कोड खुला असल्याने स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचा विचार आहे.

भाषणं प्रत्येकी १५ मिनिटांची, मग हेडसेट उतरवून विश्रांती. सलग तासभर घातला की काहींना मळमळतं. म्हणून आभासी खोलीत चालण्याऐवजी टेलिपोर्टच (एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी उडी) ठेवलंय. एका आभासी खोलीत २० पेक्षा जास्त अवतार (माणसांच्या आभासी आकृती) नकोत, नाहीतर फ्रेमरेट पडतो, म्हणजे चित्र अडखळतं.

खरी अडचण गप्पांची. भाषण संपलं की लोक सरळ बाहेर पडतात. म्हणून वेलीचं त्रिमितीय मॉडेल मध्ये ठेवून चौघाचौघांनी काडीवरचे डोळे (कोंब फुटतात त्या जागा) मोजून ती कुठे कापायची ते ठरवायचं, असं योजलंय. हाताला काम असलं की तोंड उघडतं!

विचारायचं असं:
आवाज किती अंतरावर विरावा, म्हणजे शेजारचा गट कानात घुसणार नाही?
एकाच हॉलमधल्या हेडसेटवाल्यांना समोरच्याचा आवाज दोनदा ऐकू येतो, आधी थेट, मग नेटवरून उशिरा. वेगळ्या खोल्या नाहीत. हेडफोन पुरतील, की त्यांचे माइकच बंद ठेवावेत?
लॅपटॉपवाले कोपऱ्यात पडू नयेत म्हणून काय करता?